गाव लपवून भाव सांगणारा बाजार

‘ग्राहकाला गाव नको असतं, भाव हवा असतो.’ शहराच्या आसपास पिकलेली भाजी, फळं, धान्य शहरातल्या माणसाला सहज ओळखता यावं, सहज विकत घेता यावं, असं कुणी म्हटलं की हे उत्तर ठरलेलं असतं. त्याच्या मागोमाग आणखी काही मुद्दे येतात. स्थानिक मालाचं कौतुक हा पोट भरलेल्यांचा शौक आहे. ज्याला हवंय त्याला मोबाइलवर सगळं घरपोच मिळतं. आपला कांदा आणि द्राक्षं देशोदेशी विकणाऱ्या महाराष्ट्राने ‘जवळचं तेच खा’ म्हणणं हे ढोंग आहे. आणि शेवटी, बाजार आपलं आपण बघून घेईल, सरकारने त्यात लुडबुड करू नये.

असं बोलणारे लोक बाजाराबद्दल अज्ञानी नसतात. त्यांतले काही तर गाळ्यावर आयुष्य काढलेले असतात. म्हणून त्यांचे मुद्दे झटकून चालणार नाही. पण त्यांचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: ग्राहकासमोर दोन्ही माल ठेवले होते आणि त्याने लांबचा निवडला. हे घडलेलंच नाही. आपल्या बाजारात जवळचा माल हरत नाही. तो कुठला आहे हे कुणी सांगतच नसल्यामुळे तो निवडीला उभाच राहत नाही.

पुण्याचं उदाहरण घेऊ. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रात्रीपासून टेम्पो आणि ट्रक लागतात. माल अडत्याच्या गाळ्यावर उतरतो, पहाटे विकला जातो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. त्या पट्टीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं, किती डाग आले, वजन किती भरलं, भाव काय मिळाला, हमाली-तोलाई किती कापली, हे सगळं असतं. म्हणजे गाळ्यापर्यंत प्रत्येक पोत्याला पत्ता आहे. पुढे तो माल किरकोळ विक्रेत्याच्या हातगाडीवर चढतो आणि पत्ता गाळ्यावरच राहतो.

ही माहिती गुप्त आहे असंही नाही. सोमवारचं कुठलंही पुण्याचं मराठी वर्तमानपत्र उघडा. आदल्या दिवशीच्या आवकेची बातमी असते आणि तिच्यात देशाचा नकाशाच मांडलेला असतो: कर्नाटक आणि आंध्रातून हिरवी मिरची, तमिळनाडूतून शेवगा, राजस्थानातून गाजर, मध्य प्रदेशातून लसूण, आग्रा-इंदूरचा बटाटा, साताऱ्याचं आलं, पुरंदर-पारनेरचा मटार. किती टेम्पो, किती गोणी, तेही दिलेलं असतं. बातमीदाराला हे बाजार समितीतल्या अडत्यांकडून कळतं. त्याच सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर मटाराच्या ढिगात जी पुठ्ठ्याची पाटी खोचलेली असते तिच्यावर एवढंच असतं: ‘३० रु. पाव’. पावसाळा सरताना पुरंदरची, दाण्याला गोड शेंग बाजारात असते. हिवाळ्यात मध्य प्रदेशातला मटार येतो. हंगाम बदलण्याच्या काळात काही दिवस दोन्ही येतात. ज्याला सासवडच्या मटाराची चव माहीत आहे त्याने शेंग सोलून, चावून ओळखायची. ज्याला माहीत नाही तो भावावर जाईल, कारण पाटीवर दुसरं काही लिहिलेलंच नाही. आणि मग आपण म्हणणार, ग्राहक फक्त भाव बघतो.

आता ग्राहकाला गावाशी देणंघेणं नसतं, या मुख्य मुद्द्याकडे येऊ. तसं असतं तर हापूसच्या पेटीवरून दर वर्षी जे चालतं ते चाललं नसतं. कर्नाटकातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या नावाने विकला जातो, बाजार समित्या दर हंगामात इशारे देतात, तरी ते थांबत नाही. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तेवढ्याने भागेना म्हणून देवगडच्या उत्पादकांनी २०२५ च्या हंगामात फळागणिक सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावायला घेतले. नकली माल त्याच वस्तूचा निघतो जिच्यासाठी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार असतं. देवगड या चार अक्षरांना किंमत नसती तर ती चोरायला कुणी गेलं नसतं.

आणि हे फक्त हापूसपुरतं नाही. फेरीवाला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी म्हणून ओरडतो, नाशिकची द्राक्षं म्हणून ओरडतो, जळगावची केळी म्हणून ओरडतो. त्याने विपणनाचा अभ्यासक्रम केलेला नाही. गावाचं नाव घेतलं की पावलं थांबतात हे त्याला रोजच्या धंद्यातून ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की ही संधी मोजक्या मालाला मिळते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. दिवे घाटाच्या वर, सासवडच्या रस्त्यावर, पाट्या मांडून बसलेल्या बायकांकडून गाडी थांबवून अंजीर घेणारा माणूस शहरात परतल्यावर तेच फळ प्लास्टिकच्या डबीत, बिननावाचं घेतो. मुळशीच्या आंबेमोहोराची गत उलटी आहे. त्याच वर्षी मानांकन त्यालाही मिळालं, नाव तर प्रत्येक किराणा दुकानात आहे, पण त्या नावाच्या पोत्यात मुळशीचा दाणा असेलच असं नाही. बाहेरच्या राज्यांतले दिसायला सारखे तांदूळ त्या नावाने खपतात. अंजिराला नाव मिळत नाही आणि आंबेमोहोराचं नाव दुसराच लावतो. दोन्हीकडे नुकसान एकाच गोष्टीने होतं: नाव आणि गाव जोडून सांगणारी व्यवस्था नाही.

दुसरा आक्षेप श्रीमंतांच्या शौकाचा. हा आक्षेप काचेच्या दुकानाकडे बघून सुचलेला आहे. वातानुकूलित दुकानात, खाकी कागदात गुंडाळलेली, दुप्पट दराची मेथी बघितली की कुणालाही राग येईल, मलाही येतो. पण शहरातली सर्वांत स्वस्त भाजी कोणती? पालेभाजी. आणि पालेभाजी येते कुठून? ती लांबून येऊच शकत नाही, वाटेतच माना टाकेल. कोथिंबीर, मेथी, पालक, शेपू, चुका, हे सगळं हवेली, खेड, पुरंदर, मुळशी अशा जवळच्या तालुक्यांतून रात्रीत येतं. वस्तीतली बाई दहा-पंधरा रुपयांना जी जुडी घेते ती अस्सल स्थानिक असते. ते तिला कुणी सांगत नाही आणि तिच्याकडून त्याचे जादा पैसे कुणी घेत नाही. स्थानिक माल महाग असतो ही समजूत पसरली, कारण ज्या दुकानांनी गावाचं नाव लिहायला सुरुवात केली त्यांनी ते नाव चैनीची वस्तू म्हणून विकलं. नाव सांगणं सगळीकडे सुरू झालं तर नावाची ही जादा किंमत आपोआप उतरेल. हातगाडीवरच्या पाटीवर ‘खेड’ लिहिलेलं असेल तर काचेच्या दुकानाला ‘खेड’ लिहिण्याबद्दल चाळीस रुपये जास्त मागता येणार नाहीत.

तिसरा मुद्दा मोबाइलचा. अर्ध्या तासाच्या आत भाजी दारात आणून देणाऱ्या ॲपवर पालकाच्या जुडीचं पान उघडा. छायाचित्र असतं, वजन असतं, लोह आणि जीवनसत्त्वांची जंत्री असते आणि तळाशी एक ओळ असते: ‘मूळ देश: भारत’. आयात मालाची ओळख पटावी म्हणून केलेला नियम, तो पालकाच्या जुडीलाही लावला. ज्या यंत्रणेला आपली गाडी कुठल्या चौकात पोहोचली हे मिनिटामिनिटाला दाखवता येतं तिला पालक मांजरीचा की मंचरचा हे दाखवता येत नाही, यावर विश्वास ठेवणं जड जातं. तिला ते दाखवायचं नसतं, कारण दाखवलं तर उद्या दुसरीकडून माल घेताना ते बदलावं लागेल आणि ग्राहक विचारेल, कालचा कुठे गेला. बिननावाचा माल बदलायला सोपा असतो. मोठ्या दुकानांच्या साखळ्यांचंही तेच आहे. त्यांना बाराही महिने एकाच आकाराचा, एकाच रंगाचा माल फळीवर हवा असतो. हंगामी उत्पादक त्यात बसत नाही. म्हणून पुरंदरचा मटार सहा-आठ आठवडे येतो आणि जातो, आणि फळीवरची चिठ्ठी बारा महिने ‘मटार’ एवढंच म्हणते.

आता सगळ्यांत जड आक्षेपाकडे वळतो, कारण त्यात खरोखर दम आहे. लासलगावचा कांदा दिल्लीला जातो, नाशिकची द्राक्षं युरोपात जातात. दिल्लीकर आणि युरोपीय उद्या ‘आमचंच खाणार’ म्हणाले तर आपले शेतकरी कुठे जातील? बरोबर आहे. म्हणूनच जवळचंच खा, लांबचं नको, अशी मागणी मी करत नाही. तमिळनाडूचा शेवगा खुशाल यावा, आग्ऱ्याचा बटाटाही यावा. त्यांच्यावरही त्यांच्या गावाचं नाव लिहिलेलं असावं. साताऱ्याच्या आल्याला जो मान मिळेल तोच बेंगळुरूच्या आल्यालाही मिळू दे. एखाद्याला सांबारासाठी तमिळनाडूचाच शेवगा हवा असेल तर त्यालाही तो ओळखून घेता येईल.

गंमत अशी की आपला माल परदेशी जाताना ही सगळी शिस्त आपण बिनतक्रार पाळतो. युरोपीय संघात ताजी फळं-भाज्या विकताना दुकानदाराला त्या कुठल्या देशातून आल्या हे दाखवावं लागतं. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं प्रकरण गाजलं. त्यानंतर अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ उभारलं: निर्यातीची बाग नोंदवायची, प्लॉटला क्रमांक, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, आणि खोक्यापासून उलट मागे जात थेट त्या बागेपर्यंत पोहोचता येईल अशी साखळी. दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याने हे करून दाखवलं, तेही जवळपास वीस वर्षं. म्हणजे आपल्या द्राक्षाचा पत्ता हॉलंडच्या ग्राहकासाठी प्लॉटपर्यंत शोधता येतो आणि पुण्याच्या ग्राहकासाठी तालुक्यापर्यंतसुद्धा नाही. हे तंत्राला जमत नाही, शेतकऱ्याला झेपत नाही, ही सबब आता उरलेली नाही. फरक मागणाऱ्याचा आहे. तिकडच्या ग्राहकाच्या वतीने कायद्याने मागणी केली. इकडच्या ग्राहकाच्या वतीने कुणीच केली नाही.

राहिला सरकारी लुडबुडीचा मुद्दा. भाजीचा बाजार हा कधीतरी निसर्गतः उगवला आणि सरकार नंतर त्यात शिरलं, असा समज त्यामागे असतो. पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ मध्ये नगरपालिकेने उभी केली आणि गव्हर्नरच्या नावाने तिला रे मार्केट म्हटलं. नगरपालिकेत सदस्य असताना त्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. तेव्हापासून भाजी कुणी, कुठे, कुठल्या ओट्यावर विकायची हा सार्वजनिक निर्णय आहे आणि त्यावर वादही सार्वजनिकच झालेत. १९६३ च्या कायद्याने राज्यातल्या बाजार समित्यांचा कारभार बांधून दिला. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळा झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने हातगाडीची जागा कुणी ठरवायची ते ठरलं. एवढे सगळे नियम बाजाराने पचवले आणि पाटीवर गावाचं नाव लिहायचं म्हटलं की बाजाराचं स्वातंत्र्य धोक्यात येतं, हे पटण्यासारखं नाही.

इतर राज्यांनी तर याहून बरंच जास्त केलं. पंजाबने १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू केली. १९९९ मध्ये आंध्र प्रदेशात रयतु बाजार आणि तमिळनाडूत उळवर संदै सुरू झाले. तिथे विकणाऱ्या शेतकऱ्याला ओळखपत्र मिळतं आणि दिवसाचे भाव फलकावर लागतात. महाराष्ट्रातही संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराची योजना आली, पुण्या-मुंबईत असे बाजार भरू लागले.

पण इथे मला माझ्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचं आहे. स्थानिक मालाचा विषय निघाला की आपल्यातले बरेच जण ‘दलाल हटवा’ म्हणून मोकळे होतात आणि आठवडे बाजारात सगळ्याचं उत्तर शोधतात. नारायणगावकडच्या टोमॅटोवाल्याचा हिशेब करून बघा. तोडा चांगला असेल तर एकराला शंभरेक क्रेट निघतात, क्रेट वीस किलोचं. म्हणजे दोन टन, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा तेवढंच. हा माणूस आठवड्यातून एक दिवस महापालिकेच्या मैदानावर बसून पाव-अर्धा किलोने काय विकणार? आणि तो इथे बसला तर शेतात मजुरांकडे कोण बघणार? त्याला अडत्या हवाच असतो: माल एका हाताने उचलणारा, पैसे देणारा, अडीअडचणीला उचल देणारा. अडत्याचे दोष खूप आहेत, पण तो उगाच टिकलेला नाही. आठवडे बाजारात काही ओटे मार्केट यार्डातूनच माल आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी अडवल्याची तक्रार होते, तीही यामुळेच. पुरेसे शेतकरी तिथे बसायला मोकळे नसतात. आठवडे बाजार अंजीर, पालेभाज्या, कडधान्यं, थोड्या मालाच्या शेतकऱ्यासाठी चांगला आहे. बाकीच्यांसाठी स्थानिक माल दिसण्याची जागा हीच चालू साखळी आहे: गाळा, टेम्पो, हातगाडी, दुकान.

आणि दुसरं भांडण. जवळचं म्हणजे चांगलंच, असंही नाही. पुण्याच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर भाजी पिकते, ती शहरापासून अगदी जवळ असते. अर्धा भरलेला छोटा टेम्पो किलोमागे भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त डिझेल जाळू शकतो, म्हणून पर्यावरणाचा झेंडाही मी मिरवणार नाही. गावाचं नाव हे प्रशस्तिपत्रक समजू नये, तो पत्ता आहे. पत्ता असला की चांगल्या मालाला दाद देता येते आणि वाईट मालाबद्दल जाब विचारता येतो. नदीकाठच्या भाजीची भीती वाटणारा ग्राहक आज सगळ्याच पालकाकडे संशयाने बघतो, आणि विहिरीच्या पाण्यावर पिकवणाऱ्या खेडच्या शेतकऱ्याला त्याची झळ बसते.

तेव्हा मागण्या मोठ्या नाहीत. पहिली: गाळ्यावरून माल उचलणाऱ्या किरकोळ विक्रेत्याला जी चिठ्ठी मिळते तिच्यावर मालाचा तालुका आणि जिल्हा, परराज्यातला असेल तर राज्य, लिहायचं. शेतकऱ्याच्या पट्टीवर ते आहेच, एका कागदावरून दुसऱ्या कागदावर यायला हवं. दुसरी: मोठी दुकानं आणि ॲप यांनी प्रत्येक फळापुढे आणि भाजीपुढे तेच नाव आणि माल आल्याची तारीख दाखवायची, सक्तीने. हातगाडीवाल्यावर मात्र सक्ती नको, दंड तर मुळीच नको. त्याच्या पोटावर पाय देऊन हे साधायचं नाही. चिठ्ठीवर नाव आलं की ते पाटीवर लिहायला त्याला सांगावंही लागणार नाही, गिऱ्हाईक विचारतं हे त्याला कळतं. तिसरी: महापालिकेच्या मंडयांमधले रिकामे पडलेले ओटे हंगामापुरते शेतकरी गटांना आणि उत्पादक कंपन्यांना द्यायचे, आणि बाजाराची वेळ संध्याकाळची ठेवायची. बुधवारी सकाळी दहाला भरणाऱ्या बाजारात नोकरदार माणूस येत नाही म्हणून ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारणं ही फसवणूक आहे.

खोटी नावं लिहितील, हा शेवटचा आक्षेप मी गृहीत धरतो. लिहितील. हापूसच्या बाबतीत लिहितातच. पण लिहिलेलं खोटं पकडता येतं: चिठ्ठी मागा, गाळ्याची नोंद तपासा, त्या गावात तो हंगाम आहे का विचारा. आज काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे पकडायलाही काही नसतं. वजनकाट्यात मारणारे आहेत म्हणून आपण काटे बंद केले नाहीत, त्यांची तपासणी सुरू केली.

ग्राहकाला जवळच्या मालाशी देणंघेणं नाही, असं ज्यांना खात्रीने वाटतं त्यांनी या मागण्यांना सर्वांत आधी पाठिंबा द्यायला हवा. त्यांचं म्हणणं सिद्ध करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. एक हंगाम पुरंदरच्या मटारावर पुरंदर लिहा, मध्य प्रदेशच्या मटारावर मध्य प्रदेश, दोन्हींचे भाव शेजारी शेजारी लावा आणि विक्री मोजा. त्यानंतरही ग्राहकाने फक्त स्वस्त ढिगाला हात घातला, तर त्याला गाव नको असतं हे मी मान्य करीन. तोवर ग्राहकाच्या नावाने हे मत मांडणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं की हे त्याला कुणी आणि कधी विचारलं होतं.